सर्टिफिकेट वगळून हाती काय लागतं? भाषाविज्ञानाच्या परिषदांचा रोखठोक रिव्ह्यू

निकाल आधी सांगते, कारणं मागून. ज्या परिषदेत गोषवारा आधी तपासला जातो, परीक्षकांचे शेरे लेखी हातात येतात आणि पेपरनंतर प्रश्नांना दहा मिनिटं राखून ठेवलेली असतात, तिला पदरचे पैसे घालून, रात्रभर गाडीत अवघडून का होईना, जावं. बाकीच्यांनी फुकट बोलावलं, वर जेवू घातलं, तरी घरी बसून उत्तरपत्रिका तपासलेल्या बऱ्या.

हे लिहायचं कारण म्हणजे आमच्याकडची पीएचडीला नाव नोंदवलेली पोरं. दर आठ-पंधरा दिवसांनी एखादं रंगीत पत्रक मोबाइलवर येतं आणि मागोमाग प्रश्न येतो, "मॅडम, जाऊ का?" मिक्सर घ्यायचा तरी आपण चार जणांना विचारतो. इथं नोंदणी, प्रवास, राहणं धरून वर्षाकाठी पंधरा-वीस हजार सहज उडतात, तरी त्याबद्दल खरं कुणी लिहीत नाही. लिहिणार कोण? ज्याला लिहिता येतं त्याला पुढच्या वर्षी तिथंच पेपर वाचायचा असतो. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवते, बढतीचे टप्पे पार पडलेत, त्यामुळे मला भीती जरा कमी. तरीही ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांची नावं घालत नाही. यजमान दर वर्षी बदलतो, आणि गेल्या वर्षीच्या सरांचं पाप या वर्षीच्या बिचाऱ्या मॅडमच्या माथी नको.

आधी वाईटाकडून सुरुवात करू, म्हणजे चांगल्याची किंमत कळेल.

आपल्याकडे प्रत्येक चर्चासत्र 'आंतरराष्ट्रीय' का असतं, हे बाहेरच्या माणसाला समजत नाही. उत्तर यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतल्या तक्त्यात आहे, ज्यातले गुण प्राध्यापकांच्या निवडीसाठी-बढतीसाठी मोजतात. परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पेपर वाचला तर ७ गुण, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५, राष्ट्रीयला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. आता ३ चे ५ करायला काय लागतं? परदेशात राहणारा एक ओळखीचा माणूस आणि एक झूमची लिंक. एवढ्यावर पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात पृथ्वीगोल छापता येतो. विषयही मग तसाच ऐसपैस ठेवायचा: 'एकविसाव्या शतकातील भाषा, साहित्य, वाणिज्य, गृहविज्ञान, ग्रंथालयशास्त्र व शारीरिक शिक्षण: आव्हाने आणि संधी'. फी भरणारा कुणीही वगळला जाता कामा नये.

अशा एका चर्चासत्राला मी गेले होते. कार्यक्रमपत्रिकेत उद्घाटन दहाला होतं, दीपप्रज्वलन झालं पावणेबाराला. मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे 'दोन शब्द'. ते कधी दोन नसतात, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. परदेशी पाहुणे पडद्यावर आले आणि त्यांचा निम्मा वेळ 'आवाज येतोय का' यात गेला. जेवण मात्र फर्स्ट क्लास. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याचं कालवण, वर घट्ट दही. जेवणाला मी पाचपैकी पाच देते आणि त्यात काडीचाही उपरोध नाही.

जेवणानंतर तांत्रिक सत्र. एका वर्गात आम्ही वीस-बावीस वाचक आणि श्रोतेही आम्हीच. अध्यक्ष सर चांगला माणूस, पण त्यांच्या हातात होता एक तास. "प्रत्येकानं तीन मिनिटांत निष्कर्ष तेवढा सांगा." माझा पेपर मराठीतल्या दोन 'च'बद्दल होता. 'चार' मधला तालव्य आणि 'चारा' मधला दंततालव्य, लिहायला अक्षर एकच. तीन मिनिटांत मी 'चार' पर्यंत पोचले, 'चारा' राहिला. माझ्या आधी एक जण मुद्रा योजनेवर बोलला होता, माझ्यानंतर कबड्डीतल्या दुखापतींवर. प्रश्न कुणी कुणाला विचारायचा? दाराबाहेर टेबलावर सर्टिफिकेटांचा गठ्ठा मांडला होता, आणि चारच्या सुमारास वर्गात अध्यक्ष, मी आणि ज्यांची बस उशिराची होती ते एवढेच उरलो. तिथल्या एका सरांनी मला अगदी आपुलकीनं सांगितलं, "मॅडम, एवढं मनाला कशाला लावून घेता, तुमचं सर्टिफिकेट छापून तयार आहे की."

आणि तो सगळ्यांच्या निबंधांचा ग्रंथ. आयएसबीएनवाला, म्हणजे पुस्तकाचा अधिकृत क्रमांक घेतलेला, चर्चासत्राच्या दिवशीच प्रकाशित होणारा. निबंध पाठवल्यापासून छापून येईपर्यंत त्यावर एका माणसाची नजर फिरली नसावी. आयपीएची, म्हणजे ध्वनी लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीची, सगळी चिन्हं छपाईत चौकोन झाली होती. ज्या ध्वनीबद्दल निबंध होता तो चौकोन, ज्याच्याशी तुलना केली तोही चौकोन, आणि निष्कर्ष असा की पहिला चौकोन दुसऱ्या चौकोनापेक्षा वेगळा आहे. डूलोस एसआयएल आणि कॅरिस एसआयएल हे फॉन्ट फुकट मिळतात, पीडीएफ बनवताना ते आत बसवता येतात. पण डीटीपीवाल्याला सांगणार कोण, तो आदल्या रात्री फ्लेक्स छापत होता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते.

आपल्याकडे या विषयाची जुनी आणि भरवशाची संस्था म्हणजे लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया. १९२८ साली लाहोरला स्थापन झाली, नंतर तिचं बिऱ्हाड पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आलं ते तिथंच आहे. तिची वार्षिक परिषद, जिला सगळे 'आयकोल्सी' म्हणतात, दर वर्षी वेगळ्या विद्यापीठात भरते. द्राविडी भाषांशी काही देणंघेणं असेल तर तिरुवनंतपुरमची द्रविडियन लिंग्विस्टिक्स असोसिएशन आहे, १९७१ ची. आम्हा सोलापूरकरांना तिच्याकडे काणाडोळा करून चालत नाही. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका नळावर पाणी भरतात. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी भरवलेली 'स्कॉन्ली' आहे. पहिला पेपर वाचायला ती जागा मला सगळ्यात बरी वाटते, कारण समोर बसलेलाही तितकाच घाबरलेला असतो. देशाबाहेर दक्षिण आशियाई भाषांसाठी 'साला' आहे. २०११ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट आवारात सुरू झालेली 'फासाल' आहे. ती वाक्यविचार, अर्थविचार, ध्वनिव्यवस्था यांच्या आकारिक, म्हणजे सूत्रबद्ध नियमांच्या, मांडणीवाल्यांची. मराठीवर काम करणाऱ्यानं या नावांवर लक्ष ठेवलं तरी वर्षभराचं भागतं.

माझा खरा अनुभव अशाच एका, गोषवारे तपासणाऱ्या परिषदेचा. तिचंही नाव देत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

गोषवारा दोन पानी. ए-फोर कागद, बारा पॉइंट, चारी बाजूंना एक इंच समास, उदाहरणं त्यातच. आमच्याकडे गोषवारा म्हणजे 'सदर शोधनिबंधात भाषेचे महत्त्व विशद करण्यात आले आहे' अशा पाच ओळी. इथं दोन पानांत प्रश्न काय, आधार काय, उत्तर काय आणि ते उत्तर चूक ठरायचं असेल तर कशानं ठरेल, एवढं सगळं मांडायचं. शिवाय गोषवारा निनावी हवा. वर नाव लिहायचं नाही हे सोपं. पण वर्डनं फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये आपोआप घातलेलं नावही काढायचं, आणि 'माझ्या आधीच्या निबंधात मी दाखवल्याप्रमाणे' असं वाक्य चुकूनही येऊ द्यायचं नाही. उदाहरणं लाइपझिग पद्धतीनं तीन ओळींत द्यायची: वर मूळ वाक्य, मध्ये तुकड्याला तुकडा जोडून व्याकरण, खाली अर्थ. देवनागरी आणि रोमन एकत्र आलं की टॅब हलतात आणि 'पोळी'खाली 'खाल्लीस'चं व्याकरण येऊन बसतं. यावर एकच उपाय: तक्ता घाला आणि रेघा अदृश्य करा.

माझा विषय होता 'स'. 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य घ्या. 'खाल्ली' हे पोळीप्रमाणे चालतं, पोळी स्त्रीलिंगी म्हणून ली. आंबा असता तर 'खाल्ला', आंबे असते तर 'खाल्ले'. पण त्यावर जो 'स' बसतो तो पोळीचा नाही, तो 'तू'चा. म्हणजे एकच क्रियापद एका हातानं कर्माला धरतं आणि दुसऱ्या हातानं कर्त्याला. आणि गंमत अशी की रोजच्या बोलण्यात हा 'स' पुष्कळदा गळतो. 'तू पोळी खाल्ली का?' हे कुणालाही खटकत नाही. माझा प्रश्न एवढाच होता: ज्यांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू बोलतात, त्यांच्या मराठीत हा 'स' जास्त टिकतो का? कारण त्या भाषांत भूतकाळातलं क्रियापदही कर्त्याचा पुरुष दाखवतं. सवय घरातून येत असेल, असा माझा अंदाज.

ईझीचेअर या गोषवारे जमा करायच्या संकेतस्थळावर फाइल चढवली आणि विसरून गेले. सात-आठ आठवड्यांनी मेल आला: स्वीकारला आहे, शेरे खाली. तीन परीक्षक, तिघांचीही नावं झाकलेली. पहिल्यानं दोन ओळी लिहिल्या होत्या, त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. दुसऱ्यानं विचारलं होतं: मुलाखत घेणारा प्राध्यापक असेल, तर समोरचा माणूस त्याला 'तुम्ही' म्हणणार, मग 'तू'ची वाक्यं मिळाली कुठून? दोन मैत्रिणींना किंवा दोन भावंडांना आपसात बोलू दे, रेकॉर्डर ठेव आणि खोलीतून बाहेर जा. तिसऱ्याचा शेरा माझ्या गोषवाऱ्यापेक्षा लांब. कोकणात जुनी माणसं 'त्यानं सांगितलंन', 'तिनं केलंन' असं बोलतात, म्हणजे तिथं तृतीय पुरुषालाही 'न' लागतो. मग हे फक्त 'तू'पुरतं आहे असं कसं म्हणता? एक जुनी बोलींची पाहणी बघा, असंही सुचवलं होतं. डॉ. अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकात कुडाळी वगैरे बोलींवर जी पुस्तकं केली, त्यांतली काही आमच्या ग्रंथालयात होती. मागे एकदा चाळली होती, या नजरेनं नव्हती वाचली.

पैशांचा हिशेब करायचाच तर माझ्या मते सगळी फी इथंच वसूल झाली, आणि अजून मी घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. आपल्या आजूबाजूला असा माणूस सापडतो का, जो आपलं दोन पानी लिखाण वाचून, ओळख नसताना, पुढे मागे काही मिळणार नसताना, तासभर डोकं घालतो? गाइड असतात, पण गाइडकडे आठ विद्यार्थी आणि एक परीक्षा विभाग असतो.

प्रत्यक्ष परिषदेत वीस मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं प्रश्न. अध्यक्षबाईंकडे तीन कार्डं होती: '५', '२' आणि 'थांबा'. तिसरं कार्ड दाखवल्यावर एका मोठ्या प्राध्यापकांनी हसून दुर्लक्ष केलं, तर बाई सरळ उठून माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला तिथंच ती परिषद आवडली. माझ्या वेळी खोलीत पंधराएक माणसं असतील. हैदराबादकडची एक पीएचडीची मुलगी, मराठी जेमतेम समजणारी, तिनं विचारलं, "नकारात काय होतं?" मी फळ्यावर लिहिलं: 'तू पोळी खाल्ली नाहीस'. लिहिता लिहिता हात थांबला. 'स' क्रियापदावरून उठून 'नाही'वर जाऊन बसला होता. तिचा पुढचा प्रश्न तयारच होता: जे लोक 'तू पोळी खाल्ली' म्हणतात, ते 'खाल्ली नाही' म्हणतात की 'खाल्ली नाहीस'? होकारात 'स' गाळणारा माणूस नकारात तो ठेवतो का? माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण आता या प्रश्नावर उभं आहे. चहाच्या वेळी ती मुलगी आणि मी जिन्यात बसून तेलुगूतल्या नकाराबद्दल बोलत राहिलो, पुढचं सत्र हुकलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आता कुरकुर. फी शिक्षकांना साडेतीन हजार, विद्यार्थ्यांना दीड हजार, ठीक आहे. पण ऐनवेळी कळलं की अतिथिगृह फक्त बीजभाषण करणाऱ्यांना. बाकीच्यांनी आपापली सोय बघावी, आणि विद्यापीठ गावाबाहेर, रिक्षा मागेल तो भाव. स्वयंसेवक पोरं गोड होती, पण आपली खोली कुठली हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. एकाच वेळी चार खोल्यांत सत्रं चालू. मला ऐकायचे होते ते दोन पेपर एकाच वेळी, वेगवेगळ्या इमारतींत. जेवण सपक. पहिल्या चर्चासत्रातली शेंगाची चटणी या दुसऱ्या परिषदेत कुणी नेऊन ठेवेल तर या देशातल्या भाषाविज्ञानाचं भलं होईल.

कॉलेजकडून खर्चाच्या परतफेडीबद्दल एवढंच: ड्यूटी लीव्हचा अर्ज निवडीचा मेल आल्या दिवशीच द्या. फीची पावती परिषदेच्या नावाची आणि तारखेसह घ्या, जाण्यायेण्याची तिकिटं जपून ठेवा, आणि उपस्थितीचं पत्र वेगळं मागून घ्या. आमच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांना सर्टिफिकेट चालत नाही, त्यांना 'उपस्थित होत्या' असं लिहिलेला कागद लागतो. परदेशातल्या परिषदांना मेल करून फीसवलत मागायला लाजू नका. बऱ्याच ठिकाणी तशी तरतूद असते, पत्रकात ती बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. करोनानंतर काही ठिकाणी ऑनलाइन पेपर वाचायची मुभा राहिली आहे. पासपोर्टाच्या भानगडीत न पडता परीक्षकांचे शेरे मिळवायचा तो स्वस्त मार्ग. जिन्यातल्या गप्पा मात्र झूमवर होत नाहीत.

जे परिषदेला जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी फुकट सेवा कुठल्या, हेही याच रिव्ह्यूत उरकते. प्राट: ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर. दिसायला अगदी जुनाट; उघडलं की एकाऐवजी दोन खिडक्या येतात आणि नवा माणूस दुसरी बंद करून टाकतो. बंद केली तरी चालतं. पण दोन 'च'मधला फरक डोळ्यांनी दिसावा असं वाटत असेल तर याला तोड नाही. माझ्या एमएच्या मुलांनी 'चार' आणि 'चारा' आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून घर्षणाची पट्टी कुठे वर सरकते ते बघितलं, तेव्हा जो गलका झाला तो कुठल्या व्याख्यानानं झाला नसता. एलान: नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेचं, ध्वनिफितीखाली ओळीवर ओळ लिप्यंतर करायला. देवनागरी व्यवस्थित घेतं. वेळ मात्र खातं. तासाभराच्या गप्पा उतरवायला आठवडा गेला तर स्वतःला दोष देऊ नका. एक सूचना पोटतिडकीनं: रेकॉर्डिंग वेव्ह (.wav) फाइलमध्येच करा आणि केबलनं किंवा ड्राइव्हवरून हलवा. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवलात की तो दाबून लहान केला जातो आणि मग प्राटमध्ये जे दिसतं त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

वाचायला लिंगबझ या संकेतस्थळावर अप्रकाशित निबंध मिळतात, भाषा आणि संगणक असा विषय असेल तर एसीएल अँथॉलॉजी हा ऑनलाइन निबंधसंग्रह पूर्ण उघडा आहे, आणि लँग्वेज सायन्स प्रेसची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत. हे मिळत असताना 'संदर्भ मिळत नाहीत हो मॅडम' हे मी आता ऐकून घेत नाही.

संशोधनाच्या संधींचं म्हणाल तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, मिळाली की जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ पाठ्यवृत्तीचे, ४२,०००. पीएचडी करणाऱ्याला घर चालवायला याहून भरवशाचं काही नाही, आणि मराठीच्या नेटइतकी गर्दी भाषाविज्ञानाच्या नेटला नसते, हे माझं पोरांना कायमचं सांगणं. म्हैसूरची केंद्रीय भारतीय भाषा संस्था १९६९ पासून आहे. तिच्याकडे २०१३ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची योजना आहे, तिथं प्रकल्पावर माणसं लागतात. लुप्त होऊ घातलेल्या भाषांसाठी ईएलडीपी हा निधी २००२ मध्ये लंडनला सुरू झाला, आता तो बर्लिनहून चालतो, आणि अर्ज कुठल्याही देशातून करता येतो. अट एवढीच की जे रेकॉर्ड कराल ते संग्रहात जमा करायचं. म्हणजे कपाटात कुलूपबंद ठेवून 'माझा डेटा, माझा डेटा' करत बसता येत नाही, जे आपल्याकडे अनेकांना जड जाईल.

आणि विषय शोधायला लांब जावं लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदकडे आणि पलीकडे मध्य प्रदेशात नहाली बोलतात. आजवर तिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी पक्कं जोडता आलेलं नाही, आणि बोलणारे काही हजारच. सांगलीशेजारच्या कुपवाडचं नाव तर भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात जगभर शिकवलं जातं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याचा सांगाडा इतका एक झाला की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता येतं. आमच्याकडून कुपवाडला सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. मागे एका एमएच्या मुलाला हा विषय सुचवला, तर तो म्हणाला, "मॅडम, त्यावर झालंय ना काम, १९७१ ला." पन्नास वर्षांत तिथं एमआयडीसी आली, महापालिका झाली, कॉन्व्हेंट शाळा निघाल्या, तरी झालंय काम.

इनबॉक्समध्ये येणाऱ्या निमंत्रणांबद्दल शेवटी सांगते, कारण नवी मुलं तिथं फसतात. बाली, दुबई, बँकॉक. 'आपला अमूल्य निबंध वाचून आम्ही भारावलो', आणि खाली विषय हृदयरोग. ओळखायची खूण सोपी. गोषवारा पाठवल्यावर चोवीस तासांत 'अभिनंदन' आलं तर तो कुणी वाचलेला नाही. परीक्षक मंडळाची नावं बघा आणि त्यातल्या एकाला, त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर, 'आपण या परिषदेत आहात का' असा एका ओळीचा मेल टाका. निबंध छापून देण्याचं वेगळं पॅकेज असेल, जोडीदारासाठी स्थलदर्शन असेल, तर ती सहल आहे. सहलीला जायचं तर खुशाल जा, पण ड्यूटी लीव्ह मागू नका. 'यूजीसी केअर यादीतल्या नियतकालिकात हमखास प्रकाशन' असं अजूनही कुणी लिहीत असेल तर त्याला सांगा की यूजीसीची ती मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्येच बंद झाली.

माझा दोन पानी गोषवारा, तिन्ही परीक्षकांच्या शेऱ्यांसकट, ज्याला बघायचाय त्यानं कॉलेजात यावं. टेबलावर ठेवून दाखवीन, चहाही देईन. मेलवर मात्र मागू नका. मागे एकाला विश्वासानं पाठवला होता, तो पुढच्याच महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका आंतरराष्ट्रीय चर्चासत्रात दुसऱ्याच्या नावानं, तीन मिनिटांत, वाचून झाला.